वेबसाइट १८ हजारांची, काम चार महिन्यांचं: दर चुकला की हद्द?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला तो नीट समजलाय की नाही हे तुम्हालाच तपासता येईल. तुम्ही कल्याणला राहता, ऐरोलीच्या एका कंपनीत वेब डेव्हलपर आहात, हातात महिन्याला ४५ हजार येतात. नोकरी सांभाळून परळच्या एका केटरिंगवाल्यांची वेबसाइट १८ हजारांत घेतलीत. ९ हजार अ‍ॅडव्हान्स मिळाला. महिन्याभराचं काम धरलं होतं, त्याला चार महिने झाले. मराठी मेनूची वर्ड फाइल आली ती उघडल्यावर नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसली, म्हणून १४० पदार्थांची नावं तुम्ही स्वतः टाइप केलीत. दर आठवड्याला फोन येतो, ‘एवढं एक करून द्या, मग फायनल.’ तुमच्याच हिशेबाने आतापर्यंत दीडशे तास गेलेत. उरलेले ९ हजार अडकलेत आणि साइट मात्र लाइव्ह आहे. तुम्ही विचारताय की दर किती लावायला हवा होता, आणि नोकरी सोडून पूर्णवेळ यात उतरावं का. शिवाय एका मित्राने सांगितलंय की पैसे देईपर्यंत साइट बंद करून टाक.

मी २०११ मध्ये अंधेरीची नोकरी सोडली आणि तेव्हापासून मुलुंडच्या घरातून हेच काम करते. तुमच्या जागी मी होते, जवळजवळ अशाच कामात. म्हणून लांबलचक लिहितेय.

१८ हजार भागिले दीडशे तास म्हणजे तासाला १२० रुपये. हातात आलेल्या पैशांचाच हिशेब केला तर ६०. हा आकडा बघून कोणीही म्हणेल, दर दुप्पट करा. पण समजा तुम्ही ३६ हजार सांगितले असते आणि त्यांनी ते मान्यही केले असते, तर काय बदललं असतं? मेनू त्याच फाइलमध्ये आला असता. फोन तसेच आले असते, उलट जास्त आले असते, कारण जास्त पैसे देणाऱ्याला जास्त मागायचा हक्क वाटतो. आणि १८ हजार अडकले असते. तुमच्या कामात दर कमी होता हे खरंच आहे, पण अडचण तिथे सुरू झाली नाही. काम कुठे संपतं, म्हणजे कामाची हद्द, हे तुम्ही दोघांनी कधी ठरवलंच नाही. तुमच्या मते साइट चालू झाली की काम संपलं. त्यांच्या मते मन भरलं की संपलं. दोघंही आपापल्या जागी प्रामाणिक आहात, म्हणून तर कोणी भांडत नाही आणि काम संपत नाही.

हे सगळ्यांना सारखं लागू होत नाही, हेही आधी सांगते. परदेशी एजन्सीसाठी तासाच्या हिशेबाने काम करणाऱ्याला हद्दीचा प्रश्न एवढा छळत नाही. तास भरले की बिल. एखाद्या मोठ्या एजन्सीकडून तयार डिझाइन घेऊन फक्त कोडिंग करणाऱ्यालाही नाही. पण मुंबईतल्या छोट्या व्यावसायिकाशी थेट बोलून साइट करणाऱ्याला, म्हणजे तुम्हाला आणि मला, हाच प्रश्न सगळ्यात महाग पडतो. घरखर्चाचा भार किती, घर स्वतःचं की भाड्याचं, घरात दुसरा पगार आहे का, यावर नोकरीचं उत्तर अवलंबून आहे. त्याकडे शेवटी येते.

आता त्या मेनूकडे बघू, कारण सगळं शिक्षण त्यात आहे.

२०१३ मध्ये दादरच्या एका जुन्या मसालेवाल्यांची साइट मी घेतली होती. त्यांनी माहितीपत्रकाची फाइल दिली. ज्या डीटीपीवाल्याने ते पत्रक वर्षानुवर्षं केलं, त्याने शिवाजी फॉन्ट वापरला होता. छापायला काही अडचण नव्हती. पण शिवाजी, श्रीलिपी, कृतिदेव यांसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये देवनागरीची चित्रं इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली असतात. फॉन्ट आहे तोवर डोळ्यांना मराठी दिसतं, आत मात्र इंग्रजी अक्षरं आणि चिन्हंच साठवलेली असतात. फॉन्ट काढला, किंवा मजकूर ब्राउझरमध्ये टाकला, की आतलं खरं रूप बाहेर येतं. तुमच्या वर्ड फाइलचंही हेच झालं असणार. फाइल बिघडलेली नव्हती.

अशा मजकुराचं युनिकोडमध्ये, म्हणजे देवनागरी अक्षरंच साठवणाऱ्या आजच्या पद्धतीत, रूपांतर करणारी साधनं मिळतात, आणि तुम्ही पुढच्या वेळी आधी तीच वापरावीत. मात्र फॉन्ट नेमका कोणता हे डीटीपीवाल्याला विचारून घ्या. एकाच घराण्यातल्या दोन फॉन्टांची मांडणीही वेगळी असू शकते. रूपांतर झालं तरी एकदा माणसाच्या डोळ्यांखालून जायलाच हवं. जुन्या फॉन्टात ऱ्हस्व वेलांटी दिसते तशी अक्षराच्या आधी साठवलेली असते, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर येते. रफाराचं बरोबर उलटं. जोडाक्षरं तुकड्यांनी बनवलेली असतात. त्यामुळे ‘बिर्याणी’ आणि ‘कोथिंबीर वडी’ यांसारखे शब्द हमखास मोडतात. ‘सुऱ्या’, ‘दऱ्या’ यांतला आडवा र तर अनेक साधनं चुकवतात.

आणि युनिकोडमध्ये आलं म्हणून मराठी नीट दिसेलच असं नाही. मराठीतला ल आणि श, आणि हिंदी वळणाचा ल आणि श, यांच्या आकारात फरक आहे. राज्य शासनाने २००९ मध्ये मराठी वर्णमालेचा जो निर्णय काढला त्यातही मराठी वळणाची अक्षरं ठरवून दिली आहेत. काही चांगल्या फॉन्टांमध्ये दोन्ही आकार असतात आणि पानाची भाषा बघून ब्राउझर योग्य आकार निवडतो. त्यासाठी पानाच्या एचटीएमएल टॅगमध्ये भाषा ‘एमआर’ अशी लिहावी लागते. अनेक जण तिथे इंग्रजीचं ‘इएन’ तसंच राहू देतात, आणि लालबाग-परळमध्ये पिढ्यान्‌पिढ्या मराठीत पाट्या वाचलेल्या गिऱ्हाइकाला साइटवरचं मराठी कुठेतरी परकं वाटतं, का ते त्याला सांगता येत नाही. हे एका शब्दाचं काम आहे. त्यामुळे स्क्रीन रीडर, म्हणजे मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, वापरणाऱ्या माणसालाही मजकूर मराठीत ऐकू येण्याची शक्यता वाढते. कृपा करून हे कधी वगळू नका.

हे एवढं सविस्तर सांगण्याचं कारण हे, की त्या मसालेवाल्यांच्या कामात माझे अकरा दिवस फक्त मजकुरात गेले होते आणि कोटेशनमध्ये मजकूर हा शब्दसुद्धा नव्हता. पानं किती, फॉर्म किती, मोबाइलवर नीट दिसणार, सगळं लिहिलं होतं. मजकूर कोण देणार, कोणत्या रूपात, कोणत्या तारखेपर्यंत आणि तपासणार कोण, यातलं काहीच नव्हतं. छोट्या साइटचं काम कोडिंगमुळे फारसं रखडत नाही. ते मजकूर, फोटो आणि ‘घरी विचारून सांगतो’ यांत रखडतं. तेव्हापासून माझ्या कोटेशनचा पहिला परिच्छेद मजकुराचा असतो.

त्यात मी साधारण असं लिहिते. मजकूर युनिकोड मराठीत, एकाच फाइलमध्ये, अमुक तारखेपर्यंत तुम्ही द्यायचा. जुन्या फॉन्टमधून रूपांतर आणि टायपिंग हवं असेल तर त्याचे पानामागे इतके वेगळे. पदार्थांचे भाव तुम्ही तपासून सही करायची. तारखेनंतर ३० दिवसांत मजकूर आला नाही तर तोवर झालेल्या कामाचं बिल होईल आणि पुढचं काम नव्या तारखांनी सुरू होईल. शेवटचं वाक्य वाचून पूर्वी मला भीती वाटायची की गिऱ्हाईक निघून जाईल. एकही गेलं नाही. उलट त्या वाक्यामुळे त्यांच्याकडे कोणीतरी एक माणूस मजकुराची जबाबदारी घेतो, बहुतेकदा मालकांची मुलगी किंवा सून, आणि काम मार्गी लागतं.

बदलांची हद्दही अशीच आखावी लागते. डिझाइन दाखवल्यावर बदलांच्या दोन फेऱ्या, प्रत्येक फेरीतले सगळे बदल एकाच मेसेजमध्ये किंवा एकाच कागदावर. फोनवर सांगितलेला बदल मी करते, पण लगेच लिहून पाठवते, ‘आज आपण हे हे बोललो, ही दुसरी फेरी धरते.’ यात कोरडेपणा नाही. आठवड्यापूर्वी आपण काय सांगितलं हे त्यांना लग्नाच्या ऑर्डरींच्या धबडग्यात खरोखर आठवत नाही.

सगळ्यात जास्त वाद होतो तो चूक आणि बदल यांच्या सीमेवर. मी त्यांना उदाहरणाने सांगते. चौकशीचा फॉर्म भरला आणि तुम्हाला मेल आला नाही, ती माझी चूक. लाइव्ह झाल्यापासून ३० दिवस मी ती फुकट दुरुस्त करणार, रात्री अकरा वाजता कळवली तरी दुसऱ्या दिवशी सकाळी बघणार. फॉर्ममध्ये ‘पाहुणे किती’ असा नवा रकाना हवा, तो बदल, त्याचे पैसे. केटरिंगवाल्यांना हे पटकन कळतं. ठरलेली पुरणपोळी कच्ची निघाली तर ते बदलून देतात. ऐनवेळी ५० पानं वाढली तर त्याचे पैसे घेतात. तुमच्या गिऱ्हाइकाशी हे असं एकदा बोलला असतात तर त्यांनी मान डोलावली असती. ते बोलणं आपणच सुरू करायचं असतं, कारण वेबसाइटच्या धंद्याची रीत त्यांना माहीत असायचं कारण नाही.

पैशांचे टप्पे मी असे ठेवते: सुरुवातीला ४० टक्के, डिझाइन मंजूर झालं की ३०, आणि डेमो लिंकवर सगळं पूर्ण दाखवल्यावर, त्यांच्या डोमेनवर, म्हणजे साइटच्या कायमच्या पत्त्यावर, लाइव्ह करण्याआधी, उरलेले ३०. तुमच्याकडून झालेली खरी चूक शेवटच्या टप्प्याची आहे. साइट लाइव्ह केलीत तेव्हा त्यांची निकड संपली. त्यांना फसवायचं नाहीये. फक्त आता त्यांच्या पैशांची घाई भाजीवाल्याला, गॅसवाल्याला आणि वाढप्यांना आहे, तुमचा नंबर मागे गेला.

आता दर. बाजारात कोण किती घेतो हे विचारत बसलात तर वेड लागेल. पाच हजारांपासून पाच लाखांपर्यंत आकडे ऐकू येतील आणि सगळे खरे असतील. स्वतःच्या खर्चापासून सुरू करा. आजच्या पगाराइतकं हवं तर वर्षाला ५ लाख ४० हजार. त्यावर कंपनी जे गुपचूप भरते ते धरा: पीएफमधला त्यांचा वाटा, आईसकट आरोग्यविमा, लॅपटॉप, इंटरनेट, सीएची फी, पगारी सुट्ट्या. तुमच्यासाठी अंदाजे १ लाख २० हजार धरते. झाले ६ लाख ६० हजार. आता दिवस. शनिवार-रविवार, सण, आजारपण काढून वर्षाचे २४० दिवस उरतात असं समजा. त्यातले निम्मेच बिलात लावता येतात. बाकीचे निम्मे नवीन माणसांना भेटण्यात, कोटेशन लिहिण्यात, पैशांची आठवण करण्यात आणि शिकण्यात जातात. माझे तरी इतक्या वर्षांनंतर तेवढेच जातात. ६ लाख ६० हजार भागिले १२० म्हणजे दिवसाला साडेपाच हजार. हा तुमचा आकडा, माझा वेगळा आहे.

मुंबईत दिवस कसे जातात हेही यात धरावं लागतं. कल्याणहून अंधेरीला एका तासाच्या मीटिंगला जायचं तर दादरला उतरून पश्चिम रेल्वे पकडायची, आणि परत तसंच. अर्धा दिवस गेला. पहिली भेट मी प्रत्यक्षच घेते, कारण दुकान किंवा स्वयंपाकघर बघितल्याशिवाय मला साइट सुचत नाही. नंतरचं सगळं व्हिडिओ कॉलवर. त्यापुढे प्रत्यक्ष बोलावलं तर अर्ध्या दिवसाचे पैसे, आणि हे कोटेशनमध्ये लिहिलेलं असतं.

तर परळचं काम तुमच्या दराने किती दिवसांचं होतं? तुम्ही सात पानं, फोटोंची गॅलरी, ब्लॉग आणि लॉगइन असलेला मेनू केलात. नीट केलं तर बारा दिवस, म्हणजे ६६ हजार. एवढे ते देणार नाहीत, आणि खरं सांगायचं तर त्यांनी देऊही नयेत. त्यांना लग्नाच्या चौकश्या हव्या आहेत. त्यासाठी मोबाइलवर झटकन उघडणारं एकच पान पुरतं: शाकाहारी-मांसाहारी ताटांचे दोन-तीन प्रकार, त्यांच्या खऱ्या पंगतींचे सहा फोटो, व्हॉट्सअ‍ॅपचं बटण, आणि गुगल मॅपवरची त्यांची नोंद नीट भरलेली. पाच दिवसांचं काम, साडेसत्तावीस हजार. हे कदाचित त्यांना परवडलं असतं, तुम्हालाही, आणि साइट अधिक कामाची झाली असती. माणसाने मागितलं तेवढं सगळं बांधून देणं मला सेवा वाटत नाही. त्याच्या धंद्याला काय लागतं हे विचारून, नको ते आधीच वगळून देणं हे आपलं काम आहे. हल्ली तर एआयवर दोन तासांत साइट उभी राहते, माझे गिऱ्हाईकही मला ती दाखवतात. तरीही ते येतात, कारण हे विचारायला आणि पुढे जबाबदार राहायला त्यांना माणूस लागतो. तेवढं आपल्याला देता आलं पाहिजे.

साइट बंद करण्याच्या सल्ल्याबद्दल: कृपा करून करू नका. डोमेन त्यांच्या नावावर आहे का हे आज तपासा. नसेल, तुमच्या ईमेलवर घेतलं असेल, तर ते आधी त्यांच्या नावावर करा, पैसे यायचे असले तरी. डोमेन म्हणजे दुकानाची पाटी आहे. ती आपल्या नावावर ठेवून पैशांसाठी अडवणं मला कधीच पटलं नाही. कायद्यानेही ते धोक्याचं आहे: माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४३ मध्ये परवानगीशिवाय दुसऱ्याच्या प्रणालीत शिरणं आणि हक्काच्या माणसाला तिथे प्रवेश मिळू न देणं, या दोन्हींसाठी नुकसानभरपाई द्यावी लागू शकते. ९ हजारांसाठी तुमची बाजू खरी असून तुम्हीच आरोपी व्हाल.

तुमचा खरा हक्क वेगळ्या जागी आहे आणि तो बऱ्याच जणांना माहीत नसतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणक प्रोग्रॅम साहित्यकृतीत मोडतो. नोकरीत लिहिलेल्या कोडचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, कंपनी असते. पण स्वतंत्र कंत्राटावर तुम्ही लिहिलेल्या कोडचे पहिले मालक साधारणपणे तुम्ही असता. हक्क दुसऱ्याकडे जायला लेखी करार आणि सही लागते. त्या करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. म्हणून माझ्या कोटेशनमध्ये एक ओळ असते: पूर्ण रक्कम मिळाल्यावर या साइटसाठी लिहिलेल्या कोडचे सर्व हक्क कायमचे तुमचे. यात गिऱ्हाइकाचंही भलं आहे. पुढे दुसऱ्या डेव्हलपरकडे जाताना त्याला कोणी अडवू शकत नाही.

थकलेल्या पैशांसाठी आणखी एक गोष्ट आहे. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, करून घ्या. ती सरकारी पोर्टलवर मोफत होते. पैसे मागणाऱ्या एजंटच्या साइटवर जाऊ नका. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांसाठीच्या २००६ च्या एमएसएमईडी कायद्यानुसार सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचं बिल लेखी ठरलेल्या मुदतीत, आणि ती मुदत कितीही लिहिली तरी ४५ दिवसांत चुकतं करावं लागतं. मुदत ठरलीच नसेल तर काम स्वीकारल्यापासून १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दर महिन्याला चक्रवाढ व्याज लागतं, आणि सरकारी पोर्टलवरून तक्रार करता येते. काम सुरू होण्याआधी नोंदणी झालेली असू द्या, नंतर केलेल्या नोंदणीवरून वाद होतात. मी स्वतः एकदाही तक्रारीपर्यंत गेलेले नाही. बिलावर उद्यम क्रमांक आणि ४५ दिवसांची ओळ छापायला लागल्यापासून कंपन्यांच्या अकाउंट्सवाल्यांचं उत्तर लवकर येतं, एवढा अनुभव मात्र नक्की आहे. परळच्या ९ हजारांसाठी हा रस्ता नाही. पुढच्या कामांसाठी आहे.

कराचं थोडक्यात. कंपन्या व्यावसायिक फीवर बहुधा १० टक्के टीडीएस कापतात. तो बुडालेला नसतो, विवरणपत्रात वळता होतो, पण हातात येणारी रक्कम तेवढी कमी धरा. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या पुढे गेली की जीएसटी नोंदणी लागते आणि बिलावर १८ टक्के लावावे लागतात. बाकीचं चांगल्या सीएला विचारा, आणि आलेल्या प्रत्येक रकमेतला एक हिस्सा त्याच दिवशी वेगळ्या खात्यात टाका.

नोकरीबद्दल माझं मत स्पष्ट आहे: आत्ता सोडू नका. तुम्ही लिहिलंय की तीन महिन्यांचा खर्च बाजूला आहे आणि घरी आई आहे. मला सहा महिने हवेत, आणि आईचा विमा कंपनीबाहेर, तुमच्या नावावर, आधीच सुरू झालेला हवा. नवीन पॉलिसीत जुन्या आजारांना प्रतीक्षा काळ असतो, तो नोकरीत असतानाच निघून जाऊ द्या. दुसरं, निदान दोन गिऱ्हाईकं अशी असावीत जी एक काम झाल्यावर आपणहून परत आली. पहिलं काम ओळखीने मिळतं, म्हणून ते मी मोजत नाही. मुंबईत गणपतीपासून दिवाळीपर्यंत माझ्याकडे निर्णय थंडावतात, ‘दिवाळीनंतर बघू’ हे उत्तर दर वर्षी येतं. आणि ३१ मार्चच्या आधी कंपन्यांना बजेट संपवायचं असतं तेव्हा तीन कामं एकदम येतात. तुमच्या सहा महिन्यांत तो थंड काळ मावला पाहिजे. आणि तुमचं नेमणूकपत्र काढून वाचा. नोकरी करताना बाहेरची कामं घ्यायला त्यात मनाई असेल, तर हे काम नीट संपवून थांबा आणि कंपनीशी बोला. लपूनछपून केलेल्या कामाचे पैसे अडकले की माणूस ठामपणे मागूही शकत नाही, आणि मला वाटतं तुमच्या मागण्यातला संकोच थोडा तिथूनही आलाय.

माझ्या पहिल्या दोन वर्षांत मला जे तगवून गेलं ते नवीन साइट्स नव्हेत, वार्षिक देखभाल, म्हणजे एएमसी होती. बॅकअप, अपडेट, डोमेन-होस्टिंगच्या तारखा, महिन्याला दोन तासांचे छोटे बदल, याचे वर्षाला ठरावीक पैसे. अशा आठ-दहा जणांची एएमसी जमली की घराचं वीजबिल आणि किराणा कुठून येणार हा घोर जातो, आणि मग चुकीच्या कामाला नाही म्हणता येतं. परळवाले तुमचे पहिले असू शकतात. त्यांना दर आठवड्याला बदल हवे असतात, ही खरं तर एएमसीचीच मागणी आहे.

म्हणून त्यांच्याशी भांडू नका. हा मेसेज पाठवा, तुमच्या शब्दांत बदलून:

‘नमस्कार काका. आपली वेबसाइट अमुक तारखेपासून सुरू आहे. ठरल्याप्रमाणेचं काम आणि त्यानंतरचे सोबतच्या यादीतले अकरा बदल पूर्ण केले आहेत, त्या बदलांचे वेगळे पैसे घेत नाही. फॉर्म किंवा मेनूत काही चूक दिसली तर पुढचे ३० दिवस मी दुरुस्त करून देईन. डोमेन आणि होस्टिंगचे सगळे पासवर्ड बंद पाकिटात आणून देतो. राहिलेल्या ९,००० रुपयांचं बिल सोबत जोडलं आहे, ते या शुक्रवारपर्यंत करावं ही विनंती. यापुढे भाव, फोटो, सणांचे खास मेनू बदलायचे असतील तर वर्षाचं देखभालीचं काम घ्यायला मला आवडेल, त्याचा तपशील दुसऱ्या पानावर आहे.’

बदलांची यादी खरी बनवा, तारखांसकट; जुन्या मेसेजमधून ती निघेल. एक संध्याकाळ जाईल. शनिवार-रविवारी पाठवू नका, केटरिंगवाल्यांचे ते दिवस लग्नाच्या हॉलवर जातात. मंगळवारी सकाळी अकराच्या सुमाराला पाठवा, आणि संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर पाकीट घेऊन स्वतः परळला जा. ठाण्याला गाडी बदलावी लागेल, घरी पोहोचायला उशीर होईल, पण एवढ्या एका भेटीला जाच.